एपिसोड २३ : 'गोळी याच बंदुकीतून सुटली', हे कोण ठरवतं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे आज लोकलमध्ये इअरफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी हा एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना मी दोन-तीन ठिकाणी नावं चुकवली होती, ती इथं दुरुस्त केली आहेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

मागच्या वेळी बोटांच्या ठशांवर बोललो, त्यानंतर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. म्हणाला, "दादा, ठशांचं कळलं. पण बंदुकीचं काय? वेब सिरीजमध्ये लॅबवाला येतो, स्क्रीनवर दोन गोळ्या गोल गोल फिरतात, खाली हिरव्या अक्षरात 'मॅच' येतं आणि केस खल्लास. खरंच असं असतं का?"

प्रश्न मस्त आहे. मी व्यवसायानं सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे स्क्रीनवर 'मॅच' आलं की माझा पहिला प्रश्न असतो, हे कुणी ठरवलं आणि कशावरून? याचं उत्तर शोधता शोधता मी शंभर वर्षांहून मागे, अमेरिकेतल्या एका खेड्यात जाऊन पोचलो. तिथं एक माणूस केवळ एका 'मॅच'मुळे मरणाच्या दारात उभा होता. आज त्याचीच गोष्ट.

बर्फातलं प्रेत

साल १९१५, मार्च महिना. न्यूयॉर्क राज्यातलं वेस्ट शेल्बी नावाचं गाव. न्यूयॉर्क म्हटल्यावर उंच इमारती डोळ्यांसमोर येतात, पण हे राज्याच्या पार दुसऱ्या टोकाचं, शेतीवाडीचं गाव. तिथं चार्ल्स फेल्प्स नावाचे सत्तरीचे एक सधन शेतकरी राहत. घरकामाला मार्गारेट वोल्कॉट नावाची बाई. आणि रस्त्याच्या पलीकडच्या घरात नुकताच राहायला आलेला त्यांचा गडी, चार्ल्स स्टीलो. जर्मन वंशाचा, अंगानं धिप्पाड, कष्टाळू, आणि लिहिण्या-वाचण्याच्या नावानं जवळजवळ शून्य.

२२ मार्चच्या सकाळी स्टीलोनं दार उघडलं तर उंबऱ्याशी, बर्फात, मार्गारेटबाई मरून पडलेल्या. अंगावर रात्रीचे कपडे, छातीत गोळी. पलीकडच्या घरात फेल्प्स बेशुद्ध सापडले. त्यांनाही गोळ्या लागल्या होत्या, आणि तेही वाचले नाहीत. सगळ्या गोळ्या पॉइंट बावीसच्या, म्हणजे अगदी लहान बोराच्या.

आता स्टीलोनं एक चूक केली. चौकशीत त्याला विचारलं, तुझ्याकडे बंदूक आहे का? घाबरून तो म्हणाला, नाही. प्रत्यक्षात त्याच्याकडे पॉइंट बावीसचं जुनं रिव्हॉल्व्हर होतं आणि ते त्यानं नातेवाइकाकडे लपवायला दिलं होतं. ते सापडलं. झालं! खोटं बोलला म्हणजे खून यानंच केला, असं सगळ्यांनी मनात पक्कं केलं. खासगी गुप्तहेर लावले गेले, त्याला आणि त्याच्या मेहुण्याला, नेल्सन ग्रीनला, दिवसरात्र प्रश्न विचारले गेले आणि एक कबुलीजबाब तयार झाला. स्टीलोनं त्यावर सही केलीच नाही.

सहीच नसलेला कबुलीजबाब कोर्टात किती टिकणार? काहीतरी 'शास्त्रीय' पुरावा हवा होता. इथं आपल्या गोष्टीत खरा खलनायक येतो.

'डॉक्टर' हॅमिल्टन

अल्बर्ट हॅमिल्टन. राहणार ऑबर्न, न्यूयॉर्क राज्य. मूळ धंदा औषधं विकण्याचा. वैद्यकीय पदवी नाही, पण नावाआधी 'डॉक्टर' लावायचा. स्वतःची जाहिरात छापून वाटायचा आणि त्यात आपण कशाकशात तज्ज्ञ आहोत याची लांबलचक यादी. विष, हस्ताक्षर, रक्ताचे डाग, बंदुका, सगळंच. आजच्या भाषेत सांगायचं तर लिंक्डइनवर ज्याच्या प्रोफाइलमध्ये चाळीस स्किल्स असतात, तसा.

सरकारी पक्षानं त्याला बोलावलं. त्यानं गोळ्या आणि स्टीलोचं रिव्हॉल्व्हर तपासलं आणि कोर्टात सांगितलं की या रिव्हॉल्व्हरच्या नळीच्या तोंडाशी काही दोष आहेत, त्यांच्यामुळे गोळीवर नऊ ओरखडे उठतात, आणि खुनातल्या गोळ्यांवर नेमके तेच नऊ ओरखडे आहेत. सबब, गोळ्या याच रिव्हॉल्व्हरमधून सुटल्या, दुसऱ्या कुठल्याही नाही.

बचावाच्या वकिलानं त्याचे मोठे केलेले फोटो बघितले. त्यात ओरखडे दिसेनात. विचारल्यावर हॅमिल्टन काय म्हणाला असेल? की चुकून गोळीच्या दुसऱ्या बाजूचा फोटो निघाला!

हसू येतं ना? पण ज्युरीला हसू आलं नाही. समोर सूटबूट घातलेला 'डॉक्टर', हातात भिंग, तोंडात अवघड शब्द. जुलै १९१५ मध्ये स्टीलो दोषी ठरला आणि त्याला मृत्युदंड झाला. मेहुण्यानं जीव वाचवण्यासाठी गुन्हा कबूल करून टाकला. स्टीलोची रवानगी सिंग सिंगच्या तुरुंगात झाली. तिथं विजेच्या खुर्चीवर मारत असत.

इथं जरा थांबू आणि नळीच्या आत बघू. कारण हॅमिल्टन म्हणत होता ती मूळ कल्पना खोटी नव्हती. म्हणूनच ती धोक्याची होती.

नळीच्या आत काय असतं?

तुम्ही लहानपणी भोवरा फिरवला असेल. फिरणारा भोवरा सरळ उभा राहतो, फिरणं थांबलं की कलंडतो. गोळीचंही तसंच. ती स्वतःभोवती गरगर फिरत गेली तरच सरळ जाते. म्हणून रायफल, पिस्तूल, रिव्हॉल्व्हर यांच्या नळीत आतून पिळाच्या खाचा पाडलेल्या असतात. याला रायफलिंग म्हणतात. गोळी नळीतून जाताना त्या खाचांमध्ये घट्ट बसून पुढे सरकते, आणि नळीची नक्षी तिच्या अंगावर उलटी उमटते.

या खुणा दोन पातळ्यांवर वाचतात. पहिली पातळी कंपनीची. खाचा किती, पाच की सहा? पीळ डावीकडे की उजवीकडे? रुंदी किती? हे एकाच मॉडेलच्या हजारो बंदुकांत सारखं असतं. म्हणजे ते गाडीच्या मॉडेलसारखं झालं. पांढरी स्विफ्ट होती, एवढंच कळतं.

दुसरी पातळी त्या एका बंदुकीची. खाच पाडणाऱ्या हत्याराची धार प्रत्येक नळीगणिक किंचित झिजते, वापरात गंज येतो, मळ बसतो. त्यातून केसापेक्षा बारीक रेघा तयार होतात. ही झाली नंबरप्लेट. म्हणजे, नंबरप्लेट असावी अशी अपेक्षा. यावर पुढे बोलू.

गोळीशिवाय अजून एक साक्षीदार असतो, तो म्हणजे पुंगळी. चाप ओढला की एक पिन काडतुसाच्या बुडाला आपटते, आणि स्फोटाच्या दाबानं पुंगळी मागच्या पोलादी भिंतीवर दाबली जाते. पिनेचा खड्डा आणि त्या भिंतीचे ओरखडे पुंगळीच्या बुडावर उमटतात. आपल्याकडे हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण गावठी कट्ट्याच्या नळीत बहुतेक वेळा रायफलिंगच नसतं. साध्या पाइपातून गोळी सुटते, तिच्यावर कुठली आलीय पिळाची नक्षी! तिथं बरीचशी भिस्त पुंगळीवर.

आणि ही कल्पना हॅमिल्टनच्याही खूप आधीची. १८३५ मध्ये इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनला एका घरात दरोडा पडल्याचा बनाव झाला. घरातला बटलर म्हणाला, चोरांनी माझ्यावर गोळी झाडली. लंडनच्या बो स्ट्रीटचे तपास अधिकारी हेन्री गॉडार्ड यांनी गोळी हातात घेतली तर तिच्यावर एक बारीक पुळी. तेव्हा शिशाच्या गोळ्या लोक घरीच साच्यात ओतायचे. बटलरचा साचा तपासला, तर त्यात तेवढाच खड्डा! म्हणजे 'चोरांची' गोळी बटलरच्याच साच्यातली. इथं पुळी आणि खड्डा कुणालाही दाखवता येत होते, हे लक्षात ठेवा. हॅमिल्टनचे नऊ ओरखडे फक्त हॅमिल्टनलाच दिसत होते.

तासभरही उरला नव्हता

परत सिंग सिंगला येऊ. तुरुंगात स्टीलोशी बोलून तिथल्या उपअधीक्षकांनाच वाटायला लागलं की हा माणूस हे करूच शकत नाही. ग्रेस ह्यूमिस्टन नावाच्या वकीलबाई त्याच्या बाजूनं उभ्या राहिल्या. त्या काळी अमेरिकेतल्या बायकांना देशभर मतदानाचा हक्कही नव्हता, तेव्हा ही बाई राज्यभर फिरून पुरावे गोळा करत होती.

शिक्षेला पुन्हा पुन्हा स्थगिती मिळत गेली. एकदा तर विजेच्या खुर्चीच्या वेळेला तासभरही उरला नव्हता, तेव्हा स्थगिती आली. त्या तासात स्टीलोच्या मनात काय चाललं असेल, याची मला कल्पना करवत नाही.

मग १९१६ मध्ये अर्विन किंग नावाच्या भटक्या फेरीवाल्यानं कबूल केलं की तो खून त्यानं आणि त्याच्या साथीदारानं केला. नंतर त्यानं शब्द फिरवला. पण संशय वाढला. गव्हर्नर चार्ल्स व्हिटमन यांनी मृत्युदंडाऐवजी जन्मठेप दिली आणि सगळं प्रकरण नव्यानं तपासायला जॉर्ज बाँड नावाच्या वकिलांना नेमलं. बाँड यांच्या हाताखाली चार्ल्स वेट नावाचे एक तपासनीस होते.

या दोघांनी सगळ्यात साधी गोष्ट केली. स्टीलोचं रिव्हॉल्व्हर घेतलं, न्यूयॉर्क शहर पोलिसांतल्या बंदुकीच्या जाणकाराकडे नेलं आणि त्यातून गोळ्या झाडून घेतल्या. मग या नव्या गोळ्या आणि खुनातल्या गोळ्या रॉचेस्टरला, बाउश अँड लॉम्ब या भिंगं बनवणाऱ्या कंपनीतल्या मॅक्स पोझर यांच्याकडे दिल्या. हो, तीच कंपनी. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांच्या बाथरूममध्ये जिची बाटली असते ती.

पोझर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. नऊ ओरखडे? नाहीतच. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खुनातल्या गोळ्यांवर एक पट्टा इतरांपेक्षा अवाजवी रुंद उमटला होता. म्हणजे ज्या बंदुकीतून त्या सुटल्या, तिची नळी बनतानाच बिघडलेली होती. स्टीलोच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सगळे पट्टे नीट, सारख्या अंतरावर. या रिव्हॉल्व्हरमधून त्या गोळ्या सुटणं शक्यच नव्हतं.

मे १९१८ मध्ये स्टीलो आणि ग्रीन दोघेही सुटले. तीन वर्षं गेली. खऱ्या गुन्हेगारांवर पुढे खटला उभाच राहिला नाही.

एक गोष्ट नीट बघा. हॅमिल्टन आणि पोझर, दोघांनी त्याच गोळ्या बघितल्या. एकाचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही. फरक काय होता? पोझर यांनी तुलनेसाठी त्याच रिव्हॉल्व्हरमधून झाडलेल्या गोळ्या शेजारी ठेवल्या, आणि जे दिसलं ते दुसऱ्यालाही भिंगातून बघता आलं. बस, एवढंच.

एका डोळ्यात दोन गोळ्या

चार्ल्स वेट यांना मात्र झोप लागेना. आपण एका माणसाला वाचवलं ते योगायोगानं, असं त्यांना वाटत राहिलं. मग हा गृहस्थ बंदूक कंपन्यांच्या मागे लागला. तुमच्या प्रत्येक मॉडेलमध्ये किती खाचा, पीळ कुठल्या बाजूला, माप काय, सगळं लिहून घ्यायला सुरुवात. अमेरिका झाली, मग युरोप. आपण याला डेटाबेस म्हणू. कॉम्प्युटर नसताना, पत्रं लिहून आणि बोटीनं प्रवास करून केलेला डेटाबेस.

१९२५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चौघांनी मिळून एक खासगी ब्युरो काढला. वेट, लष्करी डॉक्टर राहिलेले कॅल्विन गॉडार्ड, सूक्ष्मदर्शकातले फोटो काढण्यात तरबेज फिलिप ग्रॅव्हेल आणि नळीच्या आत डोकावणारं उपकरण बनवणारे जॉन फिशर. पुढच्याच वर्षी वेट वारले. पुढे नाव झालं ते गॉडार्ड यांचं. साच्यावाले हेन्री गॉडार्ड वेगळे, हे वेगळे, गोंधळ करू नका.

ग्रॅव्हेल यांनी जी युक्ती केली, ती आजही जगभरच्या लॅबमध्ये वापरतात. अडचण अशी होती की एक गोळी भिंगाखाली बघायची, ती लक्षात ठेवायची, मग दुसरी बघायची. आता डोक्यात उरलेलं चित्र आपल्याला हवं तसं बदलतं, हे तुम्हालाही माहीत आहे. म्हणून त्यांनी दोन सूक्ष्मदर्शक शेजारी ठेवले, वरून आरशांच्या पुलानं जोडले आणि बघायला एकच नळी ठेवली. म्हणजे डाव्या अर्ध्या भागात एक गोळी, उजव्या अर्ध्या भागात दुसरी, मध्ये बारीक रेष. गोळ्या फिरवत राहायचं. रेघा रेषेच्या या बाजूनं त्या बाजूला सलग चालू राहिल्या तर जुळल्या. हाच तो कंपॅरिझन मायक्रोस्कोप. लक्षात ठेवण्याची गरजच संपली.

याचा गाजावाजा झाला १९२९ मध्ये. १४ फेब्रुवारीला शिकागोतल्या एका गॅरेजमध्ये सात जणांना भिंतीशी उभं करून मारलं. मारेकऱ्यांपैकी काहींच्या अंगावर पोलिसांचा गणवेश होता. गावभर चर्चा, पोलिसांनीच मारलं. गॉडार्ड यांनी जमिनीवरच्या सत्तर पुंगळ्या तपासल्या आणि दोन थॉम्पसन मशीनगन वापरल्याचं सांगितलं. पोलिसांकडच्या थॉम्पसन गन झाडून बघितल्या, त्यातली एकही जुळली नाही. डिसेंबरमध्ये फ्रेड बर्क नावाच्या गुंडाच्या घरात दोन थॉम्पसन सापडल्या. त्या जुळल्या. यातूनच शिकागोत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात गुन्हे तपासाची प्रयोगशाळा उभी राहिली.

आणि हॅमिल्टन? त्याचं दुकान स्टीलो प्रकरणानंतरही चालूच होतं. १९२३ मध्ये तो साको आणि वान्झेटी यांच्या गाजलेल्या खटल्यात उगवला, यावेळी बचावाच्या बाजूनं. कोर्टात त्यानं स्वतःची दोन नवी पिस्तुलं आणली, साकोच्या पिस्तुलासोबत तिन्ही सुटी केली, समजावून सांगितलं, परत जोडली आणि आपली दोन खिशात घालून निघाला. न्यायाधीशांनी थांबवलं. म्हणाले, तीही इथंच ठेवा. पुढे लक्षात आलं की साकोच्या पिस्तुलाला नवी कोरी नळी लागलीय आणि जुनी नळी हॅमिल्टनच्या पिस्तुलात आहे! त्यानं कानावर हात ठेवले. नळी परत जागेवर बसवली गेली. विचार करा, न्यायाधीशांनी 'थांबा' म्हटलं नसतं तर तो मुद्देमाल कायमचा बाद झाला असता.

आपल्याकडे

भारतात १९३० मध्ये कलकत्ता पोलिसांकडे शस्त्रतज्ज्ञ नेमला गेला आणि बंदुका तपासायची छोटी लॅब सुरू झाली. आज महाराष्ट्रातला मुद्देमाल न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो, मुख्यालय मुंबईत कलिन्याला. घटनास्थळी पंचनामा होतो, गोळ्या, पुंगळ्या, हत्यार वेगवेगळं सीलबंद होतं. लॅबमध्ये हत्यारातून कापसाच्या पेटीत किंवा पाण्याच्या टाकीत गोळी झाडतात, म्हणजे ती न चेपता परत मिळते. मग कंपॅरिझन मायक्रोस्कोप.

आपल्या मुंबईतला सगळ्यात गाजलेला बंदुकीचा खटला म्हणजे १९५९ चा नानावटी खटला. 'रुस्तम' सिनेमा बघितला असेल, त्याच्या मागची खरी घटना. गंमत म्हणजे तिथं कुठल्या बंदुकीतून गोळी सुटली, हा वादच नव्हता. नौदल अधिकारी नानावटी यांनी स्वतःच पोलिसांकडे जाऊन सांगितलं होतं. वाद होता कशी सुटली याचा. बचाव म्हणत होता की झटापटीत चुकून सुटल्या. म्हणून तज्ज्ञांना विचारलं गेलं की जखमा किती अंतरावरून झाल्यात, झटापटीत अशा जागी लागतील का. आणि प्रेम आहुजा यांच्या कमरेचा टॉवेल झटापट झाली असती तर जागेवर राहिला असता का, यावरही खल झाला. १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टानं शिक्षा कायम केली. म्हणजे गोळीला विचारायचे प्रश्न 'कुठली बंदूक' एवढ्यावर संपत नाहीत.

पण आपल्या कायद्यातला एक शब्द मला फार आवडतो. पूर्वीच्या पुरावा कायद्याचं कलम ४५, आताच्या भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ३९. तिथं तज्ज्ञ जे सांगतो त्याला 'मत' म्हटलंय. निकाल नाही, मत. त्याच वेळी फौजदारी प्रक्रियेत अशीही तरतूद आहे की सरकारी लॅबच्या ठरावीक अधिकाऱ्यांचा अहवाल त्यांना कोर्टात न बोलावताही पुरावा म्हणून वापरता येतो. कोर्ट बोलावू शकतं, पण बोलावलंच पाहिजे असं नाही. बोलावलं नाही तर त्या मताला प्रश्न विचारणार कोण? 'तुमचे फोटो दाखवा बघू', हा स्टीलोच्या वकिलाचा प्रश्न होता. त्या दिवशी त्याचा उपयोग झाला नाही, पण प्रश्न बरोबर होता.

शंभर टक्के?

आता माझी एक गोष्ट सांगतो. थोडी लाज वाटते, पण सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका रात्री आमचं प्रॉडक्ट बंद पडलं. मी लॉग उघडले, वेळ बघितली, एका सहकाऱ्याचा बदल नेमका त्याच मिनिटाला गेलेला. मी ग्रुपवर लिहिलं, 'शंभर टक्के याच्या कोडमुळे.' तो बिचारा रात्रभर स्वतःचं कोड चाळत बसला. सकाळी आमच्या सीनियर ताईंनी विचारलं, "तू दुसऱ्या सर्व्हरच्या लॉगशी ताडून बघितलंस का?" नव्हतं बघितलं. दोन सर्व्हरच्या घड्याळांत काही मिनिटांचा फरक होता. चूक निघाली मी बदललेल्या एका सेटिंगमध्ये. चहाच्या टपरीवर मी त्याची माफी मागितली. तो हसला, पण काही दिवस नीट बोलला नाही.

माझ्या 'शंभर टक्के'मुळे एकाची झोप गेली. हॅमिल्टनच्या 'शंभर टक्के'मुळे एकाचा जीव जाणार होता.

म्हणून आजच्या तज्ज्ञांचं किती चुकतं, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. हे मोजलं गेलंय. २०१४ च्या एका अमेरिकन अभ्यासात २१८ तज्ज्ञांना पुंगळ्यांचे संच दिले. त्यातल्या २,१७८ तुलना अशा होत्या की पुंगळ्या वेगवेगळ्या पिस्तुलांतल्या होत्या, म्हणजे बरोबर उत्तर 'जुळत नाही'. तज्ज्ञांनी २२ वेळा 'जुळतात' सांगितलं. म्हणजे शंभरात एक. छान वाटतं. पण थांबा. ७३५ वेळा त्यांनी 'सांगता येत नाही' म्हटलं होतं. ती बाजूला काढून, जिथं ठाम उत्तर दिलं तेवढीच मोजली तर १,४४३ मध्ये २२, म्हणजे साधारण ६६ मध्ये एक. भागाकार तोच, खालचा आकडा बदलला की चित्र बदलतं. आणि आणखी एक गोष्ट. त्या २२ पैकी २० चुका फक्त पाच जणांच्या होत्या. म्हणजे तंत्र एकच, पण ते कुणाच्या हातात आहे यावर खूप काही ठरतं.

२०१६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळानं हेच आकडे पुढे ठेवून सांगितलं की असे आणखी अभ्यास व्हायला हवेत. २०२३ मध्ये मेरिलँड राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं एका खटल्यात म्हटलं की 'गोळी याच बंदुकीतून सुटली' असं बिनशर्त विधान तज्ज्ञाला करू द्यायला नको होतं. खुणा सुसंगत आहेत, इथपर्यंत ठीक.

याचा अर्थ हे सगळं शास्त्र भंपक आहे का? अजिबात नाही. स्टीलोला वाचवलं ते याच शास्त्रानं, हे विसरू नका. खाचांची संख्या जुळत नसेल, पीळ उलटा असेल, तर ती बंदूक बाद, यात वाद नाही. 'ही नाही' हे सांगणं सोपं आणि पक्कं असतं. 'हीच, आणि जगात दुसरी कुठलीही नाही', इथं माणसाची नजर, अनुभव आणि कधी कधी घाई मध्ये येते. म्हणून चांगल्या लॅबमध्ये एकानं जुळवलेलं दुसरा तज्ज्ञ परत तपासतो. त्या दुसऱ्याला पहिल्याचं उत्तर आधी सांगितलं नाही, तर फारच उत्तम.

तर मित्रा, तुझ्या व्हॉइस मेसेजचं उत्तर असं. कॉम्प्युटर आज हजारो पुंगळ्यांच्या फोटोंतून 'या दहा सारख्या वाटतात' अशी यादी काढून देतो. ते काम तो मस्त करतो. पण त्या यादीतून भिंगाखाली बघून 'जुळते' असं म्हणणारा माणूसच असतो, त्याची सही असते, आणि कोर्टात त्याला प्रश्न विचारता येतात. विचारले पाहिजेत. पुढच्या वेळी बातमीत 'बॅलिस्टिक अहवालातून स्पष्ट झालं' असं वाचलंत, तर मनातल्या मनात तीन गोष्टी विचारा. तुलनेसाठी त्याच हत्यारातून गोळी झाडून बघितली का? दुसऱ्या कुणी तपासलं का? आणि फोटोत ते ओरखडे दिसतायत का?

स्टीलो सुटल्यावर घरी, बायकोमुलांकडे गेला. फेल्प्स आणि मार्गारेटबाई ज्या बंदुकीनं गेले, ती रुंद पट्ट्याची बंदूक मात्र कुणी कोर्टात आणली नाही.

आजच्यासाठी एवढंच. तुमच्या ओळखीत कुणी न्यायवैद्यक लॅबमध्ये काम करत असेल तर त्यांना हा एपिसोड जरूर पाठवा, आणि माझं काही चुकलं असेल तर बिनधास्त सांगा. व्हॉइस मेसेजची वाट बघतो. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या आणि 'शंभर टक्के' म्हणण्याआधी एकदा ताडून बघा!